आराम पडेल

"रन आउट," महांतेश म्हणाला. "वाक्यात वापर."

"बॅट्समन धावताना वेळेत पोचला नाही की रन आउट."

"ते मैदानातलं झालं. मी घरातलं विचारतोय."

"घरात कोण रन आउट होणार?"

तो हसायला लागला आणि हसता हसता त्यानं पोटावर हात दाबून धरला. डोळे अजून पिवळेच होते. "दूध होतं," तो म्हणाला. "गॅस होतो. वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क. म्हणजे दूध संपलं."

"संपलं तर संपलं म्हणावं की. त्याला पळायला कशाला लावायचं?"

"म्हण एकदा."

मी म्हटलं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं थरथरत्या हातांनी टाळी वाजवली आणि मला लाजल्यासारखं झालं. हॉस्पिटलच्या खिडकीतनं खाली इंग्लंडातलं संडरलँड गाव दिसत होतं, लाल विटांच्या घरांच्या रांगा, नदी, नदीच्या तोंडाशी करडा समुद्र. डब्यातला मऊ भात तसाच होता. मी म्हणाले, "अहो, दोन घास तरी खावा." तो म्हणाला, "आधी गॅस रन आउट झाला तर काय करायचं ते सांग."

तोंडावर मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. अहोच म्हणायची. आता सांगताना महांतेश म्हणते. ऐकायला तो नाही.

आम्ही दोघंही गडहिंग्लजकडचे. तो डिझाइन इंजिनियर, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यानं त्याला तिकडं बोलावून घेतलं होतं. लग्न झाल्यावर मीही गेले. माझं बी.ए. मराठीतलं. इंग्रजी व्याकरण मला बऱ्यापैकी येत होतं, टेक-टुक-टेकन झोपेत म्हणून दाखवलं असतं. पण तिथं गेल्यावर कळलं की त्या लोकांच्या बोलण्यात व्याकरणाचा काही संबंधच नाही. टेक मला माहीत, ऑफ मला माहीत. पण विमान टेक ऑफ करायचं, माणूस अंगातला कोट टेक ऑफ करायचा, आणि आमच्या इंग्रजीच्या वर्गातल्या बाई सांगायच्या की त्यांच्या नवऱ्यानं एके दिवशी टेक ऑफ केलं ते तो परत आलाच नाही. सगळे शब्द ओळखीचे, पण दोन एकत्र आले की ओळख दाखवायचे नाहीत.

या बाईंचं नाव मिसेस डन. शाळेतनं रिटायर झालेल्या. गावच्या लायब्ररीत आमच्यासारख्या बाहेरनं आलेल्या बायकांना दर मंगळवारी फुकट शिकवायच्या. मी जायची, परत येताना दोन नवे शब्दप्रयोग आणायची, आणि संध्याकाळी ते महांतेशला ऐकवायची. त्याला त्याची गंमत वाटायची, पण त्यात फार लक्ष नसायचं. बँक, दवाखाना, घरमालक, बोलायचं सगळं तोच बघत होता. मला बोलायची वेळच यायची नाही.

त्याला कावीळ झाली तेव्हा हे उलटं झालं.

कावीळ हे त्यानंच मला सांगितलेलं. आधी डोळे पिवळे झाले, मग अंगाला खाज. तपासण्या झाल्या, त्याला हॉस्पिटलात ठेवून घेतलं. डॉक्टरांनी मला आत बोलावलं नाही. तो बाहेर आल्यावर म्हणाला, "पित्ताची नळी अडकलीय. तिथं छोटी नळी बसवतात, मग मोकळं होतं." कावीळ आमच्याकडं काय नवीन नव्हती. माझ्या मामाला झाली होती, तोही असाच काटकुळा झाला होता आणि उसाचा रस पिऊन, बिनतेलाचं खाऊन उठला होता. संडरलँडात ऊस कुठला? पण बिनतेलाचं वरण आणि मऊ भात मी रोज डब्यातनं न्यायची. बसनं जायची, बसनं यायची.

आणि गेलं की शिकवणी. कारखान्यातनं दमून येणारा माणूस दोन शब्द ऐकून घ्यायचा नाही, तो आता उशीला टेकून माझी परीक्षा घेत बसायचा.

"बॉयलर बंद पडला तर फोनवर काय म्हणशील?"

"बॉयलर इज क्लोज्ड."

"दुकान आहे का ते? इट हॅज पॅक्ट अप. आणि तो माणूस म्हणाला, आय विल पॉप इन टुमॉरो, तर?"

"पॉप म्हणजे फुटणे."

"येऊन जातो म्हणतोय, गिरिजा. फुटत नाही कुणी."

बॉयलर झाला, विजेचं मीटर टॉप अप करणं झालं, कचऱ्याचे डबे पुट आउट करणं झालं. मी म्हणायची, मला बायकांत बसून गप्पा मारता येतील असं काहीतरी शिकवा, हे बॉयलरचं काय लावलंय? तुम्ही घरी आला की तुम्हीच करणार ना फोन? तो म्हणायचा, "माहीत असलेलं बरं."

एकदा म्हणाला, "टेकन इन. आय वॉज टेकन इन."

"आत नेलं. हॉस्पिटलात भरती केलं."

"नाही. फसवलं. कुणी गोड बोलून सही मागितली, तर सही करायच्या आधी विचारायचं, अ‍ॅम आय बीइंग टेकन इन?"

"असं त्यालाच विचारायचं?"

"स्वतःला विचारायचं."

तिथं मॉरीन नावाची नर्स होती, आडव्या बांध्याची, गालावर लाल शिरांचं जाळं असलेली. ती सगळ्यांनाच पेट म्हणायची, मलाही. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला राग आला, मी काय पाळलेलं मांजर आहे? महांतेश म्हणाला, "बाळा म्हणतेय तुला. चांगलं आहे ते." मॉरीन आमची शिकवणी ऐकत सलाइन बदलायची आणि त्याच्याकडं बघायची. मला वाटायचं कौतुकानं बघते.

"गेट ओव्हर," तो एका दुपारी म्हणाला. त्या दिवशी त्याचा आवाज बारीक झाला होता.

"वरनं जाणे. भिंतीवरनं."

"आजारातनं बरं होणं. गेट ओव्हर अ‍ॅन इलनेस."

"मग तुम्ही कावीळ गेट ओव्हर करणार."

त्यानं खिडकीकडं बघितलं. "माणसाच्या बाबतीतही म्हणतात," तो म्हणाला. "एखादं माणूस गेट ओव्हर करणं."

"माणूस म्हणजे काय आजार आहे?"

"लोक करतात, गिरिजा. वेळ लागतो, पण करतात."

मी म्हटलं, हा शब्द राहू दे, दुसरा विचारा. त्यानं जरा रागानंच म्हटलं, "एकेक शब्द टाळून चालत नाही." मग मीही चिडले. आजारी माणसानं झोपावं, जेवावं, त्याचं एवढं काय अडलंय माझ्या इंग्रजीवाचून? आधी बरे व्हा. त्यानं डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "सॉरी. उद्या पुढचं घेऊ."

त्याच आठवड्यात नवी डॉक्टरीण आली. आधीचे डॉक्टर उभ्यानं बोलून जायचे, ही खाटेच्या कडेला बसली. तिनं त्याचा हात हातात घेतला. माझ्या मनात आलं, किती चांगली बाई आहे. ती हळू बोलत होती, आणि मी पहिल्यांदाच ठरवलं की महांतेशला विचारायचं नाही, आपण स्वतः ऐकायचं. बरंच निसटलं. पण एक वाक्य अख्खंच्या अख्खं हाताला लागलं. वी विल मेक यू कम्फर्टेबल.

मग तिनं माझ्याकडं बघून त्याला विचारलं, "डज शी नो?"

"नॉट येट," तो म्हणाला.

मला वाटलं इंग्रजी येतं का विचारतेय. मी पुढं होऊन म्हणाले, "लिटल. आय अ‍ॅम लर्निंग."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि उठून गेल्या.

"काय म्हणाल्या, सांगा?" मी त्याची परीक्षा घ्यावी तसं विचारलं.

महांतेशनं पाण्याचा घोट घेतला. "आराम पडेल असं करू म्हणाल्या."

"मला कळलं होतं!" मी म्हणाले. "मेक यू कम्फर्टेबल. मी स्वतः ओळखलं. कम्फर्टेबल म्हणजे आराम. बरोबर ना?"

"बरोबर."

घरी येऊन मी गडहिंग्लजला फोन लावला. धाकट्या दिरांनी, सिद्राम भावजींनी उचलला. मागनं अव्वा म्हणजे सासूबाई विचारत होत्या, काय म्हणतेय, काय म्हणतेय. मी म्हणाले, "भावजी, अव्वांना सांगा, डॉक्टर म्हणाले आराम पडेल." पलीकडं अव्वांनी देवासमोर घंटा वाजवलेली मला फोनमधनं ऐकू आली.

मंगळवारी मी वर्गाला गेले. मधले बरेच मंगळवार चुकले होते. मिसेस डननी विचारलं, नवरा कसा आहे. आधी मी फक्त फाइन म्हणायची. आज माझ्याकडं पूर्ण वाक्य होतं, नवऱ्याच्या मदतीशिवाय मिळवलेलं.

"व्हेरी गुड न्यूज," मी म्हणाले. "डॉक्टर सेज, दे विल मेक हिम कम्फर्टेबल."

मी शाबासकीची वाट बघत होते. मिसेस डनच्या हातात खडू होता. त्यांनी तो फळ्याच्या कडेला ठेवला आणि बाकीच्या बायकांना काहीतरी लिहायला सांगितलं. मला पुस्तकांच्या कपाटामागच्या छोट्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः माझ्यासमोर दुसरी खुर्ची ओढली. सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं की डॉक्टरांनी नक्की हेच शब्द वापरले का.

"येस. कम्फर्टेबल. आय नो कम्फर्टेबल."

"इट डझन्ट मीन बेटर, माय डिअर," त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजावू लागले. कम्फर्टेबल म्हणजे आराम, आणि आमच्या भाषेत आजाऱ्याला आराम पडला म्हणजे तो बरा झाला. माझं इंग्रजी तिथपर्यंत पोचेना, पण मी बोलतच राहिले, हातवारे करून उठून बसलेला माणूस दाखवला, जेवणारा माणूस दाखवला. मिसेस डन मला थांबवत नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले तेव्हा मी गप्प झाले. मग त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं, शाळेतल्या पहिलीच्या मुलाला सांगावं तसं. औषधं आता बरं करण्यासाठी नाहीत. औषधं आता दुखू नये म्हणून आहेत. अर्थ कळायला मला डिक्शनरी लागली नाही.

बसमध्ये बसल्यावर मला एकेक आठवायला लागलं. बॉयलर. मीटर. कचऱ्याचे डबे. कुणी सही मागितली तर. एखादं माणूस गेट ओव्हर करणं. घरात एकटीच बाई राहत असेल तर तिला जे जे लागेल, तेवढंच तो शिकवत होता. माझा थांबा मागं गेला ते मला कळलं नाही. समुद्रापर्यंत जाऊन मी चालत परत आले.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तो उशीला टेकून वाट बघत होता. "उशीर केलास. आज पुट अप विथ घेऊया."

"मेक कम्फर्टेबल म्हणजे काय?" मी विचारलं.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "कुणी सांगितलं?"

"मी अर्थ विचारतेय."

पलीकडचा म्हातारा घोरत होता. "उपाय संपले की तसं म्हणतात," तो शेवटी म्हणाला.

"आणि कावीळ?"

"कावीळ आहेच. ती ज्याच्यामुळं झाली ते स्वादुपिंडात आहे. नळी बसवली त्याच दिवशी कळलं होतं."

मी रडले नाही. मला राग आला, एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. "इंग्रजीत खोटं बोलला असता तर मी समजून घेतलं असतं," मी म्हणाले. "मला इंग्रजी येत नाही. तुम्ही मराठीत खोटं बोललात. आराम पडेल म्हणालात. मी तेच तुमच्या आईला सांगितलं. त्यांनी घंटा वाजवली."

"मग काय सांगायला पाहिजे होतं? मराठीत याला काय म्हणतात, तू सांग. तुझं बी.ए. आहे."

मला शब्द सापडला नाही. आजही सापडलेला नाही.

"मला एवढंच पाहिजे होतं की आधी तू तयार व्हावीस," तो म्हणाला. "मग सांगणार होतो."

"कशाला तयार? मी काय करू इथं एकटी?"

"तिकडं जाऊन काय करशील? सिद्रामच्या घरातल्या मागच्या खोलीत बसशील. हळदीकुंकवाला तुला कुणी बोलावणार नाही, अव्वा सकाळी उठून तुझं तोंड बघणार नाही. मी बघितलंय ना आमच्या काकूंचं. इथं तुला कुणी विचारत नाही. लायब्ररीत काम मिळेल, शिकशील, तुझं तू गेट बाय करशील, निभावशील." मग म्हणाला, "मलाही इथंच ठेव. तू इथं असल्यावर मी तिकडं जाऊन काय करू?"

आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नाही, पुरतात. तो जमिनीबद्दल बोलत होता हे मला कळलं. मी हो म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "विचारा. पुट अप विथ."

"सोसणं," तो म्हणाला. "वाक्यात वापर."

त्यानंतर आम्ही कशाचीच चोरी ठेवली नाही. मी सिद्राम भावजींना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी पासपोर्टसाठी धावाधाव केली, पण तो वेळेत होणार नव्हता. महांतेशला हॉस्पिटलवाल्यांनी एकट्याच्या खोलीत हलवलं. तो थोडं बोलायचा, दमायचा, पुन्हा एखादा शब्द विचारायचा. माझं चुकलं की पूर्वीसारखं हसायचा नाही, बोटानं नको नको म्हणायचा. मी घरी जाऊन आरशासमोर उभी राहून वाक्यं घोकायची. मला वाटायचं, मी सगळं शिकले की त्याचा जीव शांत होईल. आणि लगेच वाटायचं, सगळं शिकले की मग तो थांबणार कशाला? मग मुद्दाम एखादं चुकवायची.

शेवटचे दोन दिवस तो बोललाच नाही. दुपारची वेळ होती, ऊन पांघरुणावर आलं होतं. श्वास मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मॉरीन आली, तिनं त्याच्या मनगटाला हात लावला, मग माझ्या शेजारी वाकून म्हणाली, "ही इज स्लिपिंग अवे, पेट."

स्लिप मला माहीत होतं. घसरणं. तो उशीवरनं खाली घसरतोय असं मला वाटलं. मी उठले, खाटेवर गुडघा टेकवला, त्याच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्याला वर ओढायला लागले. तो हलका झाला होता, तरी मला एकटीला उचलेना. मी मॉरीनला म्हणाले, "हेल्प मी. प्लीज. पुल." ती मदतीला आली नाही. तशीच उभी राहिली. मग तिनं मागनं माझ्या दोन्ही मनगटांना धरलं आणि एकेक हात त्याच्या काखेतनं हळूच सोडवून घेतला.

"लेट हिम, पेट," ती म्हणाली.

तो कुठंच घसरला नव्हता. उशीवर होता तसाच होता.

गावाबाहेरच्या टेकडीवरच्या कब्रस्तानात त्याला पुरलं. आमच्यात मांडी घालून बसवतात, समाधीसारखं. तिथल्या माणसाला मी ते इंग्रजीत सांगू शकले, हाही एक दिवस बघावा लागला. तो टोपी हातात घेऊन म्हणाला, तशी परवानगी नाही. मग पेटीत आडवंच ठेवलं. मी त्याच्या कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवून बोटं मिटवली. कारखान्यातले काही लोक, मिसेस डन आणि मॉरीन एवढेच आले होते. माती पिवळी आणि चिकट होती. संध्याकाळी भावजींचा फोन आला. रडत रडत त्यांनी विचारलं, "वहिनी, बसवलं का नीट? अव्वा विचारतेय."

"होय," मी म्हणाले. "नीट बसवलं."

त्याच महिन्यात बॉयलर बंद पडला. मी फोन केला. इट हॅज पॅक्ट अप म्हणाले. माणूस म्हणाला, पॉप इन करतो, आणि खरंच आला, दुरुस्त करून गेला. मी गरम नळाखाली हात धरून उभी राहिले आणि पहिल्यांदा मला वाटलं की महांतेश म्हणाला तसं होईल. लायब्ररीतल्या बाईंनी पुस्तकं लावायच्या कामाला ये म्हणून सांगितलं. मी आठवड्यातनं एकदा टेकडीवर जायची, दगडाशेजारी बसून नवीन ऐकलेले शब्द सांगायची, घरी यायची.

एक गोष्ट त्यानं धरलीच नव्हती. माझा तिथं राहण्याचा परवाना त्याच्या नोकरीला बांधलेला होता. त्यानं सगळ्या वाक्यांचा विचार केला, या एकाचा केला नाही, की केला आणि काहीतरी मार्ग निघेल असं धरून चालला, मला माहीत नाही. मला शेवटी परत यावंच लागलं. आज मी गडहिंग्लजलाच असते, सिद्राम भावजींच्या घरी, मागच्या खोलीत. भावजी चांगले आहेत. इंग्रजी बोलायला कुणी नाही.

पण निघण्याआधी, तिथंच राहू द्यावं म्हणून मी एक अर्ज करून बघितला होता. आमच्यासारख्यांना फुकट सल्ला देणारं एक ऑफिस होतं, तिथला माणूस माझ्या वतीनं कॉम्प्युटरवर तो भरत होता. जाड चष्म्याचा, स्वेटर घातलेला, सभ्य माणूस. त्यानं सुरुवातीलाच विचारलं, दुभाषा बोलावू का? मी म्हणाले, नको. मला त्याचं सगळं कळत होतं. तो म्हणाला, होप्स बिल्ड अप करू नका, ते मला कळलं. म्हणाला, असे अर्ज बहुतेक टर्न डाउन होतात, तेही कळलं. मध्ये कुठंही मला अडखळायला झालं नाही.

मग त्यानं पडद्यावरचा प्रश्न वाचला. "इज देअर एनीवन यू विल बी लीव्हिंग बिहाइंड?"

लीव्ह बिहाइंड. हे महांतेशनं शिकवलं नव्हतं, मिसेस डननीही नाही. तरी ऐकल्याबरोबर अर्थ लागला, मागं सोडून जाणं. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

"येस," मी म्हणाले. "माय हजबंड."

त्याची बोटं थांबली. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सॉरी, मिसेस कोरी," तो म्हणाला. "दे मीन लिव्हिंग."

मला वाटलं तो तोच शब्द परत म्हणतोय. "येस," मी म्हणाले, "लीव्हिंग. आय अ‍ॅम लीव्हिंग हिम."

"अलाइव्ह," तो अगदी हळू म्हणाला. "एनीवन अलाइव्ह."

मी त्याच्या मागच्या भिंतीकडं बघितलं. तिथं काहीच लावलेलं नव्हतं.

"नो," मी म्हणाले.

त्यानं एक कळ दाबली आणि पुढचा प्रश्न विचारला.